अखेरचा हात : ध्वनिमुद्रणातील मास्टरिंगचे कार्य

जबलपूरच्या श्रोत्यांना भेडाघाटचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. धुवांधारपाशी नर्मदेचा घोष इतका प्रचंड असतो, की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. आणि तेथून थोड्याच अंतरावर, संगमरवरी कड्यांमधून नाव जाऊ लागली, म्हणजे वल्ह्याचा पाण्याला होणारा स्पर्शही कानी पडतो. या दोन ध्वनींमधील अंतर नाहीसे केले, तर घोषाला भव्यता उरणार नाही आणि शांततेला अर्थ उरणार नाही. संगीतातही असेच अंतर असते. ध्वनिमुद्रणात ते किती राखावयाचे, याचा अखेरचा निर्णय ज्या टप्प्यावर होतो, त्यास ‘मास्टरिंग’ असे म्हणतात.

गायक-वादकांचे ध्वनी मुद्रित होऊन त्यांचे मिश्रण झाले, की निर्मितीचे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मिश्रणात एका वाद्याचे दुसऱ्याशी प्रमाण ठरते. मास्टरिंगमध्ये संपूर्ण रचनेचे तिच्या माध्यमाशी नाते ठरते. या शब्दाचा उगम ध्वनिमुद्रिकांच्या कारखान्यात आहे. मूळ तबकडीवर धातूचा थर चढवून तिची उलटी प्रतिकृती घेत. तिच्यापासून साचे तयार होत आणि साच्यांतून हजारो प्रती निघत. मूळ तबकडीत राहिलेला दोष प्रत्येक प्रतीत उतरत असे.

या कामाचे महत्त्व समजण्यासाठी जबलपूरहून कटनीमार्गे सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या मैहरचे उदाहरण घेता येईल. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तेथे आपले पुत्र अली अकबर खाँ यांना सरोदची कठोर तालीम दिली. त्या काळी मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दीर्घ ध्वनिमुद्रिका आणली आणि ही मर्यादा वीस मिनिटांपलीकडे गेली. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांची अशी ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. तीत येहुदी मेन्युहिन यांचे प्रास्ताविक, चतुरलाल यांचा तबला आणि सिंधु भैरवी व पिलू हे राग आहेत.

परंतु दीर्घ ध्वनिमुद्रिकेचेही काही नियम होते. मोठ्या व खर्ज ध्वनीने चर रुंद होते; मग दोन चरांत अधिक जागा सोडावी लागते आणि वेळ कमी मावतो. ध्वनी फार लहान ठेवला, तर तो पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतो. शिवाय तबकडीच्या मध्याकडे जाताना प्रत्येक फेऱ्याची लांबी घटते व तीव्र स्वर अस्पष्ट होऊ लागतात. रागाची मांडणी तर नेमकी याच्या उलट आहे : संथ आलाप आरंभी येतो आणि लखलखीत झाला शेवटी. माध्यम जेथे दुर्बल, तेथेच वादनाचा परमोत्कर्ष! मास्टरिंग करणाऱ्याने हे ओळखूनच ध्वनीची पातळी आरंभापासून ठरवावी लागे.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि चरांची ही बंधने संपली. परंतु संयमाची गरज संपली नाही. प्रत्येक गीत शेजारच्यापेक्षा मोठ्याने वाजावे, अशी चढाओढ विशेषतः १९९० नंतर वाढली. लहान ध्वनी उचलून व मोठे ध्वनी दाबून सर्व एकाच पातळीवर आणले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये श्राव्य पातळी मोजण्याची पद्धत निश्चित केली, आणि इंटरनेटवरून संगीत ऐकविणाऱ्या अनेक सेवा आता सर्व रचना समान पातळीवर आणतात. त्यामुळे चढाओढीचा लाभ उरलेला नाही. दाबून टाकलेले चढउतार मात्र परत मिळत नाहीत.

जुन्या मुद्रणांच्या बाबतीत धोका याहून सूक्ष्म आहे. खरखर काढणारी यंत्रणा सतत चालणारा ध्वनी दोष समजते. तानपुराही सतत चालतो. निष्काळजी हातून खरखरीबरोबर त्याची जवारीही पुसली जाते, आणि पुढील पिढीला सरोद पोकळीत वाजत असल्यासारखा ऐकू येतो. तिने मूळ वादन ऐकलेले नसते. म्हणून काय हरवले, हे तिला कळण्याचा मार्गच उरत नाही.

यासाठी दोन पथ्ये पुरेशी आहेत. मूळ मुद्रणाची एक प्रत कोणताही संस्कार न करता जतन करावी आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करावी. त्यानंतर सरोदचा एकच आघात निवडून, त्याचा नाद तानपुऱ्यात विरून जाईपर्यंत ऐकावा. तो नाद मध्येच तुटत असेल, तर खरखर कितीही कमी झालेली असो, काम पुन्हा आरंभापासून करावे.