पेटी उघडायची कुणी?

(खाडीकाठच्या गटांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव 'स्त्रिया आणि तंत्रज्ञान' असं छापलंय. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. मी एका होडीबद्दल बोलणार आहे. फार तर त्या होडीतल्या तीन तारांबद्दल.

होडी सिंधुदुर्गातल्या एका खाडीतली. गाव आणि माणसं यांची नावं घेणार नाही, कारण त्यातल्या एका बाईची केस कोर्टात आहे. तिला आपण काकी म्हणू. आमच्या गटात तिला सगळ्या काकीच म्हणतात. काकीचे वडील होड्या बांधायचे. त्यांच्या हाताखाली ती लहानपणी फळ्या धरायला, काथ्या भरायला असायची. २०२२ साली तिनं आणि गटातल्या सहाजणींनी मिळून तिच्याच परसात फणसाच्या फळ्यांची होडी बांधली. एक म्हातारे सुतार अधूनमधून येऊन सांगायचे, बाकी काम बायांचं. सुकतीच्या वेळी खाडीतल्या पुळणीवर जायचं, तिसऱ्या आणि कालवं काढायची, भरतीच्या आत परत यायचं, हा या बायांचा धंदा. आधी कुणाच्या तरी होडीतून जायच्या, आणि ज्याची होडी त्याला मालातला वाटा. स्वतःची होडी म्हणजे तो वाटा वाचला.

पण काकीला वल्हं मारता येत नव्हतं. तिचा उजवा खांदा नवऱ्याच्या मारानं निकामी झालाय. हात खांद्याच्या वर जात नाही, मुठीत जोर नाही. ४९८-अ खाली दाखल झालेली तिची केस अजून चालू आहे. होडी जिनं आखली तीच होडीत सामान म्हणून बसणार, हे गटाला पटेना. पेट्रोलचं इंजिन घ्यावं, तर ते सुरू करायला दोरी हिसकावी लागते, आणि मागे बसून त्याचा दांडा सतत धरून ठेवावा लागतो. चाकानं चालणारी साधी व्यवस्थाही आम्ही पाहिली. तिच्यात जाड केबल असते. खाऱ्या पाण्यात ती गंजून घट्ट होते, मग दोन हातांचाच जोर लागतो. ही सगळी यंत्रं कुणाचं शरीर डोळ्यांसमोर ठेवून केलीत, ते सांगायला नकोच.

काकी म्हणाली, "माझ्या हातान जमाचा नाय, पण डोक्यान जमात." मग विजेची मोटार, आणि वेग व सुकाणू दोन्ही तारांवरून चालवायचे, असं ठरलं.

आता थोडं तांत्रिक बोलते. कंटाळू नका, कारण पुढचं भांडण यातूनच निघालंय.

मोटार दोन किलोवॅटची, म्हणजे पावणेतीन अश्वशक्तीच्या आसपास. बॅटरी ४८ व्होल्टची. वेग कमी-जास्त करायला ई-रिक्षाला असते तशी पिळायची मूठ नको म्हटलं, कारण काकीच्या मनगटाला ती झेपत नाही. त्याऐवजी डाव्या हाताशी एक छोटी लिव्हर बसवली. तिच्यात लोहचुंबक आणि हॉल सेन्सर नावाचा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा असतो. त्याला तीन तारा. लाल तारेतून पाच व्होल्ट जातात, काळी परतीची, आणि तिसरी तार खबर नेणारी. लिव्हर शून्यावर असली की तिसऱ्या तारेवर साधारण ०.८ व्होल्ट असतात, पूर्ण पुढे ढकलली की ४ च्या थोडं वर. मोटारीचा कंट्रोलर हा आकडा वाचतो आणि तेवढी वीज सोडतो. करंगळीनं ढकलली तरी चालते. बळ लागतच नाही.

सुकाणूचं थोडं वेगळं. समोरचं चाक सुकाणूला कुठेही जोडलेलं नाही. चाकाखाली एक सेन्सर, सुकाणूजवळ दुसरा. मध्ये पेटीतला एक छोटा संगणक, दोन्ही जुळेपर्यंत तो एका विजेच्या दांड्याला मागे-पुढे सरकवत राहतो. भिंतीवर फोटो टांगताना एकजण लांब उभी राहून "अजून डावीकडे, अजून, बस" म्हणते ना, तसं. दांडा सावकाश चालतो, म्हणून खडकाजवळ चाक आधीच फिरवावं लागतं. काकीला ते दोन दिवसांत जमलं. आमच्या कॉलेजात शिकलेल्या एका मुलीला पंधरा दिवस लागले, तेही सांगते.

दोन किलोवॅट ऐकून कुणी हसेल. पण अशा होडीला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते. वेग निम्मा केला तर शक्ती एक अष्टमांशाच्या आसपास पुरते. घाई केली नाही तर बॅटरी दिवसभराच्या कामाला पुरून उरते. बायांना घाई भरतीची असते, शर्यतीची नाही.

हे सगळं बसवून दिलं जवळच्या शहरातल्या एका तरुणानं. हुशार मुलगा, काम नीटनेटकं. पण त्यानं कंट्रोलरची पेटी बंद करून वर सील लावलं. मी विचारलं, आत काय आहे ते या बायांना दाखवशील का? तो म्हणाला, "मॅडम, त्यांना चालवायचीय ना? मग आतलं कशाला?" आणि मला सांगायला लाज वाटते, मी गप्प बसले. एम.एस.डब्ल्यू. झालेली मी. 'सहभाग' या शब्दावर मी निबंध लिहिलेत. पण तारा दिसल्या की माझ्याही मनात तेच, हे आपलं काम नाही.

पहिल्याच महिन्यात एकदा मोटार सुरू होईना. निरोप गेला, चार दिवसांनी मुलगा आला. लिव्हर जराशी पुढे राहिली होती, आणि अशा वेळी कंट्रोलर मोटार सुरूच करत नाही, सुरक्षेसाठी. त्यानं लिव्हर बोटानं मागे केली आणि येण्याजाण्याचे म्हणून ५०० रुपये घेतले. चार दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

पावसाळ्यानंतर मात्र जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी परत येताना काकीनं लिव्हर शून्यावर आणली तरी होडी थांबेना. उलट वेग वाढत गेला. होडीत पाचजणी, समोर धक्क्याचे दगड. काकीच्या गुडघ्याला लाल दोरी बांधलेली होती. ही दोरी ओढली गेली की मोटारीची वीज तुटते. ती मी हट्टानं लावायला लावली होती, एवढंच माझं श्रेय. काकीनं गुडघा झटकला, मोटार बंद पडली. पण सुकाणू होतं तिथंच अडकलं, कारण तो विजेचा दांडा वीज गेली की हाताने हलत नाही. दोघींनी वल्ही पाण्यात खुपसून होडी कशीबशी वळवली. एकीचा हात सोलवटला.

त्या मुलाचं फोनवरचं उत्तर होतं, "बाईनंच गडबडीत पुढे ढकलली असणार." गावातही तेच सुरू झालं. बाईच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं. काकी आठ दिवस होडीकडे फिरकली नाही. आपण मारहाणीच्या केसेस हाताळतो, त्यामुळे हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. काही मोडलं की आधी बाईचं काय चुकलं ते पाहायचं.

नवव्या दिवशी आम्ही सील तोडलं. तालुक्याच्या बाजारातून मल्टिमीटर आणला, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या एका सद्गृहस्थांना बसवून घेतलं आणि एकेक तार तपासली. लिव्हर शून्यावर, आणि तिसऱ्या तारेवर ०.८ च्या जागी २ च्या वर व्होल्ट. काळ्या तारेचं टोक हिरवं पडून जवळजवळ तुटलेलं. परतीची वाट खराब झाली की खबरेच्या तारेवरचा आकडा चढतो आणि कंट्रोलर समजतो, चालवणारी 'जोरात' म्हणतेय. काकीनं तो आकडा स्वतः वाचला. पुन्हा वाचला. मग सरळ उठून धक्क्यावर गेली आणि तिथं बसलेल्या पुरुषांना मल्टिमीटर दाखवून आली. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

पेटीत पाणी शिरलं होतं कारण तारा वरून आत घेतल्या होत्या. आता त्या खालून शिरतात, आणि शिरण्याआधी प्रत्येक तारेला खाली झोळ दिलाय, म्हणजे थेंब झोळावरून गळून जातो. पेटीचे स्क्रू लाकडात नुसते पिळलेले होते. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, स्क्रू ढिले होतात. ही गोष्ट त्या हुशार मुलाला माहीत नव्हती, काकीला होती. तिनं आरपार बोल्ट घालून मागे फळीचा तुकडा दिला. लाल दोरी आता कंट्रोलरला विनंती करत नाही, बॅटरीचीच वाट तोडते. आणि सुकाणूच्या दांड्याला एक पितळी खिळा आहे, तो उपटला की सुकाणू मोकळं होतं आणि जुन्या लाकडी दांड्यानं हाकता येतं. दर अमावस्या-पौर्णिमेला, उधाणाच्या आदल्या दिवशी, गटातल्या दोघी पाळीपाळीनं पेटी उघडून आकडे वहीत लिहितात. सातजणींपैकी तिघींना लिहिता येत नाही, त्या मीटरवरचा आकडा जसा दिसतो तसा चित्रासारखा काढतात.

आपल्याला हे नवीन नाही. १९९०च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पंप बायकाच चालवत होत्या, पाना मात्र पुरुषांकडे होता. इकडे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बाया पर्यटकांना कांदळवन दाखवतात, होडी स्वतः हाकतात. तिथं कुणी तंत्रज्ञान शिकवण्याची वाट पाहत बसलं नव्हतं.

आता शेवटची गोष्ट, जी अजून मिटलेली नाही. होडी इतकी सोपी झाली की काकीच्या दिराला ती आवडली. "आता काय, चाक फिरवूचा आणि जावचा. बायलमाणसांका कित्याक त्रास?" तो पर्यटकांना फिरवणार म्हणे. वल्ही होती तोवर त्यानं होडीकडे पाहिलंही नव्हतं. मी पाहिलंय, पिठाच्या गिरणीपासून शिलाईच्या मशीनपर्यंत, काम हलकं आणि कमाईचं झालं की ते बाईच्या हातून सरकतं. काम सोपं करताना मालकी आधी पक्की करायला हवी होती. आम्ही उलट केलं.

कारण मोटार बसवली की कागदावर होडी वेगळी होते. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राच्या नावेला तपासणी आणि नोंदणी लागते, मासेमारीच्या नौकांची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली होते. आपली कुठं बसते, हे विचारत आम्ही एका कचेरीत तीन खेपा घातल्या. तिथल्या साहेबांनी फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "मालक कोण? मिस्टरांचं नाव सांगा." काकीनं गटाचं नाव सांगितलं. फॉर्म परत आला. सातजणींची नावं लिहून पुन्हा दिलाय. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी जमिनीच्या सात-बाऱ्यावर बायकांची नावं लागली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. होडीला सात-बारा नाही, म्हणून हा कागद हवा.

दीर परवाच चावी मागून गेला. चावी गटाच्या पेटीत आहे, पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडे. पण तो घरातलाच, आणि काकी राहते सासरच्या जागेत. केसची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. तोवर होडी काकीच्या परसात न ठेवता धक्क्यापलीकडे दुसऱ्या एकीच्या मांगरापाशी बांधतो. रात्री बॅटरी काढून घरात नेतो, दोघींना उचलावी लागते.

तारांचा नकाशा मी सोबत आणलाय, मराठीत आहे, काकीनं काढलेला. तो आधी सगळीकडे फिरू द्या. मल्टिमीटरही आणलाय. चहानंतर ज्यांना हात लावून पाहायचाय त्यांनी थांबा, आणि ज्यांच्या जिल्ह्यात गटाच्या नावानं नावेची नोंदणी झालीय त्यांनी मला आत्ताच भेटा. आम्हाला तो कागद कसा मिळाला ते ऐकायचंय.