कशासाठी चांगली प्रतिमा?



प्रतिमांची गुणवत्ता आणि प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांची कामगिरी, या विषयावरच्या परिषदेत मुंबईकरांच्या वतीनं तुमचं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षानं आपल्या गावाची थोरवी सांगायची प्रथा आहे. देशभरातल्या एक्स-रे आणि सीटी यंत्रांच्या किरणोत्सर्ग-सुरक्षेवर नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय इथं अणुशक्तीनगरात आहे, एवढी थोरवी आजच्या विषयाला पुरेशी आहे. वडापाव तुम्ही शोधालच.

‘इमेज चांगली आली,’ असं आपण रोज म्हणतो. कशासाठी चांगली, हे मात्र म्हणत नाही. मूत्रपिंडातला खडा शोधायचा असेल तर नॉइजनं भरलेली सीटीही चालून जाते. खडा त्यातूनही लख्ख पांढरा दिसतो. यकृतातली फिकट गाठ त्याच सीटीत बुडून जाते. केवळ किरणांच्या बळावर नॉइज निम्मा करायचा, तर मात्रा चौपट करावी लागते, आणि तो भार रुग्णाच्या अंगावर पडतो. म्हणून आता सॉफ्टवेअर नॉइज पुसून देतं. विक्रेत्याच्या पडद्यावर ती गुळगुळीत प्रतिमा फार देखणी दिसते. त्याच बोळ्यानं गाठही पुसली गेली नाही ना, हे तपासायचं काम विक्रेत्यावर सोपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासणाऱ्या साधनाचीही तपासणी लागते. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेली. तिचा २.४ मीटरचा आरसा विलक्षण अचूकतेनं घासला होता, पण चुकीच्या आकारात. कडेला तो सुमारे दोन मायक्रॉननं जास्त सपाट होता. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरनं चुकीच्या जागी बसलं होतं. याहून बोचणारी गोष्ट अशी की, दुसऱ्या साध्या चाचण्यांत दोष दिसला होता. ती साधनं कमी अचूक मानली जात, म्हणून त्यांची साक्ष बाजूला पडली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन उपाय केला. आपल्या सीटीसाठी अंतराळवीर येत नाहीत. सर्व्हिस इंजिनिअर येतो, तोही चार फोन झाल्यावर.

आणि प्रतिमा निर्दोष असली तरी पुढे डोळा असतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिऑलॉजिस्टना फुफ्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला सांगितलं होतं. शेवटच्या सीटीत गोरिलाचं चित्र मिसळलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. वीस जणांना तो दिसलाच नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावरून गेल्याची नोंद आहे. तेव्हा वाचणाऱ्याला वगळून यंत्रणेची कामगिरी ठरवता येणार नाही. वाचणाऱ्यानं किती गाठी पकडल्या आणि किती वेळा उगाच गाठ सांगितली, हे एकत्र मांडणारा, दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या कामातून आलेला आरओसी वक्र आपण वापरतो तो याचसाठी. आणि फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून रिक्षात बसल्या बसल्या निदान सांगायचं असेल, तर कोट्यवधींचं यंत्र घेतलं कशाला?

उद्यापासूनच्या सत्रांत हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा बारकाईनं मांडाल. आज सभागृहात काही रुग्णालयांचे व्यवस्थापकही बसले आहेत. यजमान म्हणून त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या सीटीवरच्या तंत्रज्ञाला रोज सकाळी पाण्याचा फँटम लावायला वेळ द्या, आणि पाण्याचा आकडा शून्यापासून मर्यादेबाहेर ढळला, तर बाहेर कितीही रांग असली तरी यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या.