गणिताला टाटांचे पाठबळ

गणिती संशोधनाचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसाचा पगार, ग्रंथालय आणि निवांत वेळ. अशा न दिसणाऱ्या कामासाठी पैसा सोडणारे दाते विरळाच. सर दोराबजी टाटा ट्रस्ट हा त्यांतला ठळक अपवाद. भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांनी मूलभूत संशोधनाची संस्था उभारण्यासाठी १२ मार्च १९४४ रोजी ट्रस्टला पत्र लिहिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. मुंबईत तिचा पहिला मुक्काम पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात होता. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेले गोमंतकीय दामोदर कोसंबी तिथे रुजू झाले. पुण्याहून ते डेक्कन क्वीनने ये-जा करत. १९४९ मध्ये आलेल्या गणितज्ञ के. चंद्रशेखरन यांनी गणित विभाग जगाच्या नकाशावर आणला. पुढे खर्चाचा भार केंद्राच्या अणुऊर्जा विभागाने पेलला. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या पदवीधरांनाही संस्थेची पीएचडीची शिष्यवृत्ती प्रवेश परीक्षा आणि मुलाखत देऊन मिळवता येते.