ज्याच्या हातचे आपण घेतो
(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभातील भाषण)



ज्युबिलीच्या सभेत वक्त्याने मागील वर्षांचा जमाखर्च मांडावा, कोणत्या साली कोणती भिंत उभी राहिली व कोणत्या फादरांच्या कारकिर्दीत घंटा बसली हे सांगावे, असा प्रघात आहे. ते काम माझ्या आधी बोललेल्या वडील मंडळींनी उत्तम प्रकारे पार पाडले आहे. माझ्या वाट्यास आलेला प्रश्न दिसावयास लहान, परंतु उत्तर देताना भल्याभल्यांची जीभ अडखळावी असा आहे. माणूस कशाने माणूस ठरतो?

पुण्याच्या पेपल सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे धडे घेत असताना या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मुखोद्गत होते. मनुष्य हा विवेकशील प्राणी होय, असे ॲरिस्टॉटलच्या परंपरेने शिकविले. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याच पायावर आपल्या विचाराचा इमला रचला. आणि पवित्र शास्त्राने त्याहून थोर गोष्ट सांगितली, ती ही की मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे घडविला गेला आहे. हे सर्व सत्य आहे, व ते मी आजही शिकवितो. परंतु एखादी गोष्ट सत्य म्हणून पाठ असणे निराळे आणि तिच्याप्रमाणे आपला हात चालणे निराळे. हा भेद मला सेमिनरीत कळला नाही; तो मिरजेत कळला.

मिरज हे आजाऱ्यांचे आशास्थान आहे. स्टेशनावर घटकाभर उभे राहिले तरी हे ध्यानात येते. कोणी पाठकुळी आई घेऊन उतरतो, कोणी पोटाशी मूल धरून दवाखान्याचा रस्ता विचारतो. या लौकिकाचा पाया घालणाऱ्यांत डॉक्टर विल्यम वानलेस यांचे नाव पहिले घेतले पाहिजे. प्रेस्बिटेरियन मिशनचा हा तरुण डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आला आणि १८९४ साली त्याने येथे रुग्णालय उभे केले. ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु जखम धुणाऱ्या हाताला पंथ विचारण्याची रीत प्रभूने आपणांस घालून दिलेली नाही. त्याच मिशनच्या कार्यातून येथे कुष्ठरोग्यांकरिताही आश्रय निर्माण झाला, व दूरदूरच्या खेड्यांतून, आपल्याच माणसांनी घराबाहेर काढलेली माणसे मिरजेच्या वाटेला लागली.

आपल्या मराठी भाषेत एक भयंकर वाक्प्रचार आहे. अशा रोग्याविषयी आपले पूर्वज म्हणत, तो 'माणसातून उठला'. श्वास चालू आहे, बुद्धी शाबूत आहे, लेकराबाळांची आठवण येते आहे. तथापि तो माणसातून उठला! ॲरिस्टॉटलच्या व्याख्येत तो बसतो, शास्त्राच्या वचनात तो बसतो. फक्त आपल्या ओसरीवर तो बसू शकत नाही.

आणि आपल्याच भाषेत याच्या जोडीला दुसरा एक शब्दप्रयोग आहे: अमक्याच्या 'हातचे चालते' किंवा 'हातचे चालत नाही'. माझ्या मते माणूस कोणास म्हणावे याविषयी आपण खरोखर काय मानतो, ते या शब्दप्रयोगात उघडे पडते. कोणास काही देणे ही त्याची कसोटी नव्हे. आपण गाईस घास देतो, पाखरांस दाणे टाकतो. कसोटी आहे ती घेण्याची. ज्याच्या हातचे आपण घेतो, त्यासच आपण आपल्या बरोबरीचा माणूस समजतो.

हे मी कोणा ग्रंथाच्या आधारे बोलत नाही. माझ्याच एका अपराधावरून बोलत आहे, आणि ज्युबिलीच्या दिवशी तो तुमच्यापुढे कबूल करणे मला उचित वाटते.

वीसएक वर्षांपूर्वी, मी तिशीतला धर्मगुरू असताना, नाताळच्या आठवड्यात घरे आशीर्वादित करीत फिरत होतो. गावाच्या कडेला एका खोलीत एक वृद्ध बाई राहत असे. तिला तरुणपणी हा रोग झाला होता. औषधोपचाराने ती पूर्ण बरी झाली होती. परंतु बोटे आखडलेली व झिजलेली राहिली होती. दर रविवारी ती मिस्सेस येई, शेवटच्या बाकावर बसे आणि सर्वांच्या शेवटी पुढे येई. मी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले, आणि निघणार तोच ती म्हणाली, "फादर, च्या टाकते. दोन मिंटं बसा." मी म्हणालो, "आत्ताच घेऊन आलो, मावशी." ते खोटे होते. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिले. रागावली नाही. म्हणाली, "असू द्या. गोळ्या संपून चौदा वर्षं झाली माझ्या. पण लोकांच्या मनातनं ते जात न्हाई."

मी सायकल हाती धरून पायीच परतलो. त्या रात्री एक गोष्ट मला छळू लागली. त्याच सकाळी मिस्सेच्या वेळी मी तिच्या त्या वाकड्या तळहातावर ख्रिस्तशरीर ठेवले होते. माझ्या हातून तिने परमेश्वर स्वीकारला. तिच्या हातून मला एक कप चहा स्वीकारवला नाही! रोगाचे शास्त्र मला ठाऊक नव्हते असेही नव्हे. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात हा रोग दुसऱ्यास लागण्याचे भय उरत नाही, हे मी स्वतः लोकांस सांगत असे. म्हणजे माझ्या बुद्धीत खोट नव्हती. विवेकशील प्राणी मी होतोच. त्या दोघांत त्या दिवशी माणसातून कोणी उठले असेल तर ते ती नव्हे, मी.

चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो व म्हणालो, "मावशी, चहा घ्यायला आलोय." तिने काही विचारले नाही. स्टोव्ह पेटविला. फळीवरची नवी कपबशी काढू लागली, तेव्हा मी म्हटले, रोजची द्या. साखर फार झाली होती. आम्ही पावसाविषयी व तिच्या शेळीविषयी बोललो. एवढेच घडले, परंतु माझ्या धर्मगुरुपणाची सुरुवात मी त्या दिवसापासून मोजतो.

मग शुभवर्तमान उघडले असता पूर्वी डोळ्यांआड झालेल्या गोष्टी दिसू लागल्या. कुष्ठी मनुष्य प्रभूकडे आला, तेव्हा दुरून शब्दमात्रे त्यास बरे करणे प्रभूस अशक्य नव्हते. त्याने आधी हात पुढे करून स्पर्श केला, शुद्धीचा शब्द मागून उच्चारला. आणि संत मार्क पुढे सांगतो की त्यानंतर येशूलाच उघडपणे नगरात जाता येईना व तो बाहेर ओसाड जागी राहिला. बाहेरचा आत आला, आतला बाहेर गेला. त्याहूनही मला स्पर्श करते ती शोमरोनी स्त्रीची कथा. जिच्या हातचे यहुद्यास चालत नसे, तिच्याजवळ तो विहिरीवर थकून बसला असता आधी पाणी मागतो. जीवनाचे पाणी तो तिला मागाहून देऊ करतो. देणाऱ्या देवाने प्रथम मागितले, हे विसरता कामा नये.

प्रभूच्या मागे चालणाऱ्यांनी ही वाट नेहमीच धरली, असे मात्र म्हणवत नाही. मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी कुष्ठरोग्यास समाजातून वेगळे करण्याचा विधी खुद्द धर्मगुरूच चालवीत, जणू तो जिवंतपणीच मेला आहे. हा आपल्या घरचा इतिहास आहे, व तो लपवून ज्युबिली शोभत नाही. परंतु त्याच घरात संत डेमियनही जन्मले. १८७३ साली हा बेल्जियन धर्मगुरू मोलोकाई बेटावर टाकून दिलेल्या रोग्यांत राहावयास गेला. त्याच साली नॉर्वेत डॉक्टर हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला, हा योग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डेमियनांनी रोग्यांच्या जखमा बांधल्या, घरे बांधली, शवपेट्याही केल्या. पण ते त्यांच्यासह एका पात्रात हात घालून जेवत, हे मला सर्वांत मोठे वाटते. पुढे त्यांस स्वतःस रोग जडला व १८८९ साली ते तेथेच निवर्तले. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांस संतपद जाहीर केले.

आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे झाले. वरोड्यास गटारात पडलेल्या तुळशीराम नावाच्या रोग्यास पाहून हा निर्भय म्हणून नाव मिळविलेला पुरुष भयाने पळून गेला. परंतु त्या पळण्याची त्यांस लाज वाटली, ते परत आले, व त्याच्या अंतापर्यंत त्यांनी त्याची शुश्रूषा केली. माझ्यासारख्या पळालेल्यास या परत येण्याचा मोठा आधार वाटतो. पुढे १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली व आनंदवन उभे राहिले ते दानाच्या नव्हे, श्रमाच्या बळावर. रोग्याने भीक न मागता पिकवावे, घडवावे, जगास काही द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की या रोगात बोटे सडून गळत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे चटका वा जखम झालेली कळत नाही, व म्हणून ती झिजतात. आखडलेल्या पंजातील स्नायुबंध शस्त्रक्रियेने फिरवून त्यांनी पुष्कळांचे हात पुन्हा कामास लाविले. एकाने हात बरे केले, दुसऱ्याने त्या हातांस काम दिले. आता त्या हातांचे घेणारा तेवढा हवा.

आज औषधांची उणीव नाही. १९८१ सालानंतर अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला. सहा किंवा बारा महिन्यांत मनुष्य बरा होतो, व सरकारी आरोग्यकेंद्रात ते औषध फुकट मिळते. रोग पुरता गेलेला नाही. आपल्या देशात अद्याप दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात. कायद्याने वळण घेतले, पण किती उशिरा! रोग्यांस कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ सालापर्यंत कायद्यात होते. आणि ज्या कायद्यांतून ते त्या साली काढले गेले, त्यांत ख्रिस्ती लोकांस लागू असलेला १८६९ चा कायदाही होता. सुखदुःखात व आजारपणात साथ देण्याची शपथ आपण वेदीपुढे घेतो, आणि कायदा बाजूस एक दार उघडे ठेवून उभा होता.

बंधुभगिनींनो, हे एका रोगापुरते नाही. हातचे न चालणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांच्या आजापणजांनी जन्मभर भोगले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर आंबेडकरांनी व त्यांच्या सोबत्यांनी ओंजळभर पाणी घेतले, ते केवळ तहान भागविण्याकरिता नव्हे; आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्याकरिता. ज्यांच्या घराण्याने हे दुःख पाहिले, त्यांनी तरी दुसऱ्याची कपबशी वेगळी ठेवू नये. आणि तरीही आपल्या घरांत काम करणाऱ्या बाईचा पेला वेगळा नसतो काय? वेडसर झालेल्या भावास पाहुण्यांपुढे आणावयास आपण कचरत नाही काय? म्हाताऱ्या बापाच्या थरथरत्या हातचा घास नातवंडांस घेऊ देतो काय? प्रत्येकाने आपापल्या घरी उत्तर शोधावे.

माझे म्हणणे एवढेच. मनुष्य ईश्वराची प्रतिमा आहे, म्हणून त्याचे माणूसपण बोटे झिजल्याने, बुद्धी मावळल्याने, जात खालची ठरविल्याने उणे होत नाही. ते देणाराही देव व राखणाराही देव. उणे होते ते आपले, जेव्हा आपण कोणास नुसते देतो व त्याच्या हातचे घेण्यास नकार देतो. दया करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. घेणाऱ्यास त्याच पायरीवर बसावे लागते.

ती वृद्ध माऊली आता देवाघरी गेली. तिला खांदा देण्यास मोजकी माणसे होती. आज आपल्या उत्सवात शेवटचे बाक कोणाचे आहे, हे तुम्हांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. थोड्याच वेळात पंगत बसेल. यंदा त्या बाकावरच्या मंडळींस पंगतीत पाने मांडून बसवावे एवढेच मी मागत नाही. त्यांच्या हाती वाढप द्यावे, आणि पहिले पान माझे असावे, ही माझी विनंती आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस देणारे हात देवो, आणि त्याहून कठीण असे घेणारे हातही देवो. आमेन.