चराच्या दोन भिंती



कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने ग्रामोफोनच्या दांडीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पण शाळा सुटल्यावर मी जे शिकलो ते यंत्रांपाशीच, आणि भार कोणावर किती पडतो हे पाहण्याची खोड मला कामानेच लागली आहे.

तबकडी फिरू लागली की दांडी मध्याकडे ओढली जाते. पुष्कळांना वाटते, चरच आत जातो म्हणून. तसे नव्हे, चर नसलेल्या कोऱ्या तबकडीवरही ती आत घसरते. मूळ तबकडी कापणारी सुई सरळ रेषेत मध्याकडे सरकते, आपली दांडी मात्र बिजागरीवर फिरते, म्हणून तिची सुई कमानीत जाते. हा फरक कमी व्हावा म्हणून दांडीचे डोके वीस-पंचवीस अंश आत वळवितात. स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी १९३८ साली याचे गणित मांडले. पण एक दोष काढताना दुसरा आला. घर्षण सुईला चराच्या दिशेने खेचते आणि ती रेघ आता बिजागरीतून जात नाही. फाटक बिजागरीच्या रेषेत कितीही ओढा, हलणार नाही. जरा तिरपे ओढले की फिरलेच!

१९५८ साली स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांत चराच्या आतल्या भिंतीवर डावा आवाज असतो, बाहेरच्या भिंतीवर उजवा. दांडी आत ओढली गेली की जादा भार आतल्या भिंतीवर पडतो. फाटका आवाज मात्र उजव्या स्पीकरमधून येतो, कारण बाहेरच्या भिंतीवरची सुईची पकड सुटते आणि ठोके खाऊन तीही खराब होते. भार एकीकडे, ओरड दुसरीकडे. हे मी कारखान्यांतही पाहिले आहे. असो. झिजलेला चर काही पुन्हा भरून येत नाही.

उपाय म्हणजे तेवढेच उलटे बळ: धाग्याला टांगलेले वजन, स्प्रिंग किंवा लोहचुंबक. यालाच अँटी-स्केट म्हणतात. सुईचा दाब दीड ग्रॅम तर हा आकडाही दीडवर ठेवा, असे बहुतेक माहितीपत्रके सांगतात. सुरुवातीला ते ठीक. परंतु घर्षण सुईच्या टोकाच्या घडणीप्रमाणे बदलते, आणि गाणे चढले की वाढते. म्हणून एकच आकडा सर्व वेळ बिनचूक असू शकत नाही. कोऱ्या तबकडीवर दांडी स्थिर राहीपर्यंत आकडा फिरविण्याची युक्ती मला पसंत नाही. तेथे सुई सपाटीवर घासते, दोन भिंतींत नव्हे.

आधी यंत्र समपातळीत आणावे, सुईचा दाब तोलून घ्यावा. मग चढ्या आवाजाचा भाग लावावा. उजवीकडे आवाज आधी फाटला तर अँटी-स्केट थोडे वाढवावे, डावीकडे फाटला तर कमी करावे. दोन्हीकडे एकदमच फाटू लागला तर मात्र सुईचा दाबच अपुरा आहे. तो तिच्या कारखानदाराने घालून दिलेल्या मर्यादेत वाढवावा आणि अँटी-स्केटचा आकडा पुन्हा तपासावा.