पत्र्याच्या पेटीतली गाणी

सगळ्या जणी बसलात ना? बैठकीची वही बाजूला ठेवा, हप्त्याचा हिशेब नंतर करू. आज आम्ही गाण्यांबद्दल बोलणार आहोत. सिनेमातल्या गाण्यांबद्दल नाही, ती सगळ्यांना पाठ आहेत. जी गाणी कधी सिनेमात आली नाहीत, रेडिओवर फारशी लागली नाहीत, दुकानातही मिळाली नाहीत, अशा गाण्यांबद्दल. १९८०च्या दशकात ती गावागावात, वस्तीवस्तीत गायली गेली. तुमच्यापैकी ज्या आज साठीच्या पुढे आहेत त्यांनी ती गायली असतील. ज्या तिशीच्या आत आहेत त्यांनी बहुतेक ऐकलीही नसतील.

आधी त्या काळाची गोष्ट सांगू. तेव्हा गाणं लोकांपर्यंत पोहोचायचे रस्ते थोडे होते. एक आकाशवाणी, ती सरकारी. दुसरी तबकडी, म्हणजे रेकॉर्ड. ती मोठ्या कंपनीनं काढली तरच निघायची आणि वाजवायला महागडं यंत्र लागायचं. तिसरा सिनेमा. लोकगीतं रेडिओवर लागायची, नाही असं नाही. पण सावकाराला, दारूच्या गुत्त्याला, हुंडा मागणाऱ्या सासऱ्याला नावं ठेवणारं गाणं तिथं कोण लावणार? आणि ते गाणारी बाई तिथवर पोहोचणार कशी?

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली परदेशात काढली. आपल्याकडे १९७०नंतर आखातात कामाला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागली, आणि १९८०च्या दशकात तो गावोगाव दिसू लागला. कॅसेटची मजा अशी, की त्याच यंत्रावर ऐकता येई आणि त्याच यंत्रावर भरताही येई. कोरी कॅसेट घाला, लाल खुणेचं बटण दाबा, गा. कंपनी नको, परवानगी नको. दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर असला की एकीच्या चार प्रती घरच्या घरी होत. गाण्याला पहिल्यांदाच असा रस्ता मिळाला, ज्यावर कोणी पहारेकरी नव्हता.

त्या रस्त्यानं कोण चाललं? आम्हाला तीन दिंड्या दिसतात.

पहिली दिंडी भीमगीतांची. ती कॅसेटच्या फार आधीची. १९३०च्या दशकापासून आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. पुढं वामनदादा कर्डक आले. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म १९२२चा. वाचायला ते मोठेपणी शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. कॅसेट आल्यावर ही गाणी सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ आणि विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पथारीवर विकायला येऊ लागली. लोक पुस्तकं, बाबासाहेबांचा फोटो आणि कॅसेट घेऊन गावी परतत. ज्या घरात वाचणारं कोणी नव्हतं, तिथं बाबासाहेबांचा विचार आधी गाण्यातून शिरला आणि मागाहून पुस्तकातून.

दुसरी दिंडी बायकांच्या चळवळीची. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायकांनी महागाईविरुद्ध समिती काढली. बायका लाटणी घेऊन मोर्चात आल्या, थाळ्या वाजवत आल्या. वाद्यं स्वयंपाकघरातलीच. त्याच सुमाराला शहाद्याकडच्या भिल्ल बायका गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडत होत्या. मग १९७५ हे जागतिक महिला वर्ष आलं, संघटना उभ्या राहिल्या, शिबिरं होऊ लागली. शिबिरात भाषणं असायचीच, पण बाई घरी घेऊन जायची ते गाणं. १९८३ साली मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेनं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक आणलं. ते ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलं. कामं करणाऱ्या सगळ्या बायका, पुरुषाचं सोंगसुद्धा बाईनंच घ्यायचं. नाटकात गाणी भरपूर. गावागावात त्याचे हजारो प्रयोग झाले आणि नाटक पाहून घरी गेलेल्या बाईच्या तोंडी ती गाणी राहिली.

तिसरी दिंडी आपल्या आज्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ हे दोघं अभ्यासक पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागातल्या गोरगरिबांच्या संघटनेबरोबर काम करत होते. तिथल्या बायका जात्यावरच्या ओव्या सांगू लागल्या आणि या दोघांनी साथीदारांना घेऊन त्या लिहून घेतल्या. करता करता एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात त्यातल्या कित्येक बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. हेमाताई आणि गी आज नाहीत, पण हा ठेवा २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर कोणालाही फुकट ऐकता येतो.

लाखाचा आकडा ऐकून दडपून जाऊ नका. त्यात तुमच्या आजीसारख्याच बायका आहेत. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, जात्याच्या घरघरीत बाई जे बोलायची ते दिवसा बोलायची सोय नव्हती. गावात पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ती बोलायची जागाही गेली.

आता ही गाणी बांधली कशी होती ते पाहू, कारण आपल्याला त्यातून काही उचलायचं आहे.

चाल नेहमी ओळखीची. ओवी, फुगडी, पाळणा, भारूड, गोंधळ, पोवाडा, नाहीतर सिनेमातली गाजलेली चाल. नवी चाल शिकवत बसायला वेळ कोणाला? नाथांनीही भारुडात हेच केलं होतं. लोकांच्या ओळखीचं सोंग घ्यायचं आणि त्यातून आपलं सांगायचं. एकीनं ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. त्यामुळं लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा दुसऱ्या कडव्याला सामील व्हायची. वाद्य असलं तर डफ किंवा ढोलकी, नसलं तर टाळ्या. आणि शब्द बदलायला मोकळे. एका गावात गाणं हंड्यावर असलं, तर पुढच्या गावात तिथल्या बायका त्याच चालीत आपल्या रेशन दुकानाचं कडवं घालत.

या मोकळेपणाची एक किंमतही होती. गाणं सगळ्यांचं झालं, पण पहिल्यांदा कोणी रचलं ते विसरलं गेलं. शाहिरांची नावं निदान काही राहिली. बायकांची फार कमी राहिली.

सगळीच गाणी सुरेख होती असं आम्ही म्हणणार नाही. काहींमध्ये भाषणच जास्त होतं, नुसत्या घोषणा चालीत बसवलेल्या. पण जी चांगली होती, त्यांनी एक मोठं काम केलं. जे बोलायला लाज वाटायची, ते चारचौघींत म्हणायची सवय लावली. नवरा मारतो हे एकटीनं सांगायला जीभ रेटत नाही. वीस जणी मिळून गात असल्या की तेच वाक्य तोंडातून निघतं, आणि शेजारणीच्या डोळ्यांत पाणी दिसलं की कळतं, आपल्या एकटीचंच नाही हे.

वर्षं जुळवून पाहा. ‘मुलगी झाली हो’ १९८३चं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात १९८८ साली झाला, देशात १९९४ साली. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशात तो २००५ साली आला. नुसत्या गाण्यांनी कायदे झाले नाहीत. त्यामागं मोर्चे होते, निवेदनं होती, कोर्टाच्या पायऱ्या होत्या. पण त्या मोर्चांना बायका जमल्या कशाच्या जोरावर, हे विचारलं तर त्यात गाणं येतंच. आज सातबारावर नाव लावायला तलाठ्याकडे जाताना आपल्याला हे आठवलं पाहिजे.

आता मुद्द्याचं. ही गाणी आज कुठं आहेत? बरीचशी पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, जुन्या साड्यांच्या खाली. आमच्या केंद्रावर एका मावशींनी अशी कॅसेट आणून दिली. वर काही लिहिलेलं नाही. लावली तर आधी खरखर, मग एक शेळी ओरडली, मग पंधरावीस बायकांचा आवाज. पाण्यावरचं गाणं होतं, फुगडीच्या चालीत. मधेच एक पोर रडलं, गाणारी थांबून त्याला ‘गप रे’ म्हणाली आणि पुन्हा नेमक्या सुरावर आली. तिसरं कडवं रंगात आलं आणि तिथून पुढं लग्नाचा बँड. कोणीतरी त्यावरच लग्न भरलं होतं! आम्ही मावशींना विचारलं, पुढचं कडवं आठवतं का? दोन ओळी आठवल्या. बाकीच्या ज्यांना येत होत्या त्यातल्या दोघीच आता हयात आहेत.

कॅसेटमधली फीत म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखी बारीक भुकटी बसवलेली असते आणि आवाज त्या भुकटीत साठवलेला असतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी ८५-९० मीटर पट्टी गुंडाळलेली असते. ओल लागली की बुरशी धरते, उन्हात वाकते, वर्षांनुवर्षं पडून राहिली की एकमेकीला चिकटते. चाळीस वर्षं झाली आहेत, फार वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणून हे करा. हवं तर लिहून घ्या.

पहिलं, कॅसेट मिळाली की तिच्या वरच्या कडेला, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे दोन बारके चौकोनी तुकडे असतात, ते मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही.

दुसरं, खिडकीतून फितीकडे पाहा. पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका. यंत्रही खराब होतं आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागते. ती वेगळी ठेवा, जाणकाराला दाखवा.

तिसरं, चांगल्या कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फीत हळूच ताणून घ्या. टेपरेकॉर्डरमध्ये फीत जिथं घासते ती धातूची जागा, तिला हेड म्हणतात, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या बोळ्यानं पुसा आणि सुकू द्या. आधी फीत एकदा पुढं आणि एकदा मागं पूर्ण फिरवा.

चौथं, पहिल्यांदा वाजवतानाच मोबाइलवर भरून घ्या. जुनी फीत दुसऱ्या वेळी वाजेलच असं नाही. टेपरेकॉर्डरपासून संगणकापर्यंत वायर जोडता आली तर उत्तम. नाही जमलं तर पंखा बंद करा, दार लावा आणि मोबाइल स्पीकरजवळ ठेवा. दोन्ही बाजू पूर्ण भरा, मधली बडबडसुद्धा. त्यात गावाचं नाव सापडतं, माणसाचं नाव सापडतं.

पाचवं, ही भरलेली प्रत एका मोबाइलवर ठेवून निश्चिंत होऊ नका. तीन ठिकाणी ठेवा. आणि मूळ कॅसेट टाकू नका.

सहावं, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. वहीत लिहा. गाव कोणतं, साल साधारण कोणतं, कोण गातंय, कोणी रचलं, चाल कशाची. गाणारी हयात असेल तर गटावर पाठवायच्या आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर नको. त्या काळी तिनं जे गायलं ते चार भिंतींतल्या मैत्रिणींसाठी असेल. ती हो म्हणाली तर तिचं नाव लावल्याशिवाय गाणं पुढं पाठवू नका. चाळीस वर्षांपूर्वी नाव राहून गेलं, आता राहायला नको.

आणि ज्यांच्या घरी कॅसेट नाही त्यांचं काय? तुमच्याकडे आजी आहे, आत्या आहे, मामी आहे. तिच्याजवळ बसा. एकदम ‘गा’ म्हटलं तर लाजेल. तुम्हीच एखादी ओळ चुकीची म्हणा, ती लगेच दुरुस्त करील आणि पुढचं सगळं बाहेर येईल.

पण नुसतं साठवून ठेवणंही पुरेसं नाही. ही गाणी ऐकत बसण्यासाठी नव्हती, म्हणण्यासाठी होती. तेव्हा पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक जुनं गाणं आणायचं. मूळ कडवी आहेत तशी म्हणायची, आणि शेवटी एक कडवं आपलं घालायचं, आजच्या अडचणीचं. मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला, पोरीच्या कॉलेजला न येणारी एसटी, नळ आहे पण पाणी नाही, जे असेल ते. चाल तीच ठेवा.

केंद्रावर टेपरेकॉर्डर आहे आणि चालतो. कॅसेट असेल तर घेऊन या, परत नेण्याच्या बोलीवर. गाणाऱ्या बाईला चालत येणं होत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊ. पुढच्या भागात अर्धा तास तुमचीच गाणी लावू, प्रत्येकीच्या नावासकट.

राम राम, जय भीम, नमस्कार.