एकट्याने अभ्यास करणारी हुशार मुलं



विज्ञान आणि वैद्यकशाखेच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शिष्यवृत्तीचा विषय निघाला, की बोलणं रकमेवर येतं. किती मंजूर झाली, खात्यात कधी पडली, कुठल्या कागदावाचून अडली. ते बोललंच पाहिजे. वर्ष सरल्यावर मिळालेल्या पैशाने मेसचं बिल भागत नाही. पण आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. पैसे वेळेवर मिळालेली, बारावीला भरघोस गुण असलेली मुलंही पहिल्या वर्षी विज्ञानातून का गळतात, आणि गळू नयेत म्हणून एका विद्यापीठाने काय केलं, याचा.

सुरुवात कॅलिफोर्नियातून करावी लागेल. सत्तरच्या दशकात बर्कलेच्या विद्यापीठात उरी ट्राइझमन हा तरुण गणितज्ञ कॅल्क्युलस शिकवणाऱ्या साहाय्यकांना तयार करण्याचं काम करत होता. या विषयात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत. कारण विचारल्यावर प्राध्यापकांकडून ठरलेली उत्तरं आली: जिद्द कमी, पाया कच्चा, घरी शिक्षणाचं वातावरण नाही, गरिबी. (आपल्या स्टाफरूममध्ये हीच चार उत्तरं याच क्रमाने ऐकू येतात.) ट्राइझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यात वावरून पाहिलं. चारही उत्तरं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं मेहनत करत होती, पण एकटी. शाळेत एकट्याने, नेटाने अभ्यास करूनच ती इथवर पोचली होती, आणि तीच सवय इथे अंगाशी आली. चिनी मुलंही आधी एकटीच बसत. मग मात्र एकत्र जमत, एकमेकांची उत्तरं तपासत, जेवतानाही गणितावरून वाद घालत. एखादं उदाहरण सगळ्यांनाच अडलं, तर दोष उदाहरणाच्या अवघडपणाचा आहे, आपल्या डोक्याचा नाही, हे त्यांना कळत असे. एकट्याला ते कळायला मार्गच नसतो.

ट्राइझमन यांनी १९७८ च्या सुमारास कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत उजळणी नव्हती. नेहमीपेक्षा अवघड उदाहरणं होती, आणि ती गटाने सोडवायची होती. निकाल बदलले. कच्च्या मुलांसाठी जादा तास ही आपली आवडती तोड आहे, आणि त्यात मुलाला पहिल्याच दिवशी आपण त्याची जागा दाखवून देतो, याचा विचार आपण करत नाही.

आता बाल्टिमोर. शहरालगतची युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी, थोडक्यात यूएमबीसी, ही १९६६ साली उघडलेली संस्था. तिला हार्वर्डचं वलय नाही. १९८७ मध्ये तिथे फ्रीमन ह्राबोव्स्की प्रशासनात आले. ते अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे. १९६३ साली तिथल्या शाळकरी मुलांनी वर्णभेदाविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हा बारा वर्षांचे ह्राबोव्स्की पकडले गेले आणि पाच दिवस कोठडीत राहिले. पुढे गणितात पदवी, आणि चोविसाव्या वर्षी डॉक्टरेट. बाल्टिमोरमध्ये त्यांना एक दाते भेटले: रॉबर्ट मायरहॉफ, बांधकाम व्यवसायातले, शर्यतीच्या घोड्यांचे शौकीन. टीव्हीवर कृष्णवर्णीय तरुण दिसतो तो गुन्ह्याच्या बातमीतच, याने ते अस्वस्थ होते. १९८८ मध्ये रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दांपत्याच्या देणगीतून विज्ञान शिकणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी मायरहॉफ शिष्यवृत्ती योजना उभी राहिली, आणि १९८९ मध्ये एकोणीस मुलांची पहिली तुकडी दाखल झाली. पुढच्या वर्षापासून मुलींनाही प्रवेश मिळाला.

योजनेत फी आणि राहण्याखाण्याची सोय आहे, पण तेवढंच असतं तर आज तिच्यावर बोलायचं कारण नव्हतं. कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात सगळी तुकडी सहा आठवडे विद्यापीठात राहायला येते. गणित, विज्ञान, समाजशास्त्रीय विषय, आणि वेळ पाळण्याची कडक शिस्त. पहिल्या वर्षी मुक्काम एकाच वसतिगृहात. गटाने अभ्यास ही सूचना नसून अट. पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून संशोधकाच्या प्रयोगशाळेत काम. एचआयव्हीच्या रचनेवर काम करणारे मायकेल समर्स यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ पदवीच्या मुलांना प्रयोगाच्या टेबलाशी उभं करतात. पायाभूत विषयात सी श्रेणी मिळाली, तर तो विषय पुन्हा घ्यावा असा आग्रह. उत्तीर्ण झालास ना, मग पुढे चल, असं तिथे म्हणत नाहीत. आणि तुकड्यांना क्रमांक असतात, एम-१ पासून, त्यामुळे आपल्या आधी कोण होतं आणि आपल्यामागून कोण येणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

उपयोग झाला की नाही, हे तपासण्याची रीत तर आपण सरळ उचलावी अशी आहे. यूएमबीसीतले मानसशास्त्रज्ञ केनेथ मेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलनेसाठी अशी मुलं घेतली ज्यांना हीच शिष्यवृत्ती देऊ केली होती, पण ती नाकारून जी दुसऱ्या विद्यापीठांत गेली. म्हणजे हुशारी साधारण सारखीच. विज्ञानातल्या पीएच.डी.कडे वळण्याचं प्रमाण मायरहॉफ विद्यार्थ्यांत सुमारे पाचपट निघालं. योजना निवडणारी मुलं स्वभावानेच वेगळी असू शकतात, ही शंका रास्त आहे आणि ती पुरती मिटत नाही. पण पाचपटीचं अंतर केवळ स्वभावाच्या खाती टाकणं अवघड आहे. एम.डी. आणि पीएच.डी. अशा दोन्ही पदव्या मिळवणारे कृष्णवर्णीय डॉक्टर घडवण्यात ही वलय नसलेली संस्था अमेरिकेत आघाडीवर पोचली.

याच योजनेतल्या एका विद्यार्थिनीचं काम आपल्यापैकी अनेकांना नकळत परिचयाचं आहे. किझमेकिया कॉर्बेट उत्तर कॅरोलिनातल्या. २००८ साली त्यांनी यूएमबीसीतून जीवशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळवली, मग डेंग्यूवर संशोधन करून डॉक्टरेट, आणि २०१४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या लस केंद्रात कोरोना-कुळातल्या विषाणूंवर काम. २०२० च्या जानेवारीत नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला, तेव्हा त्या आणि केंद्रातले शास्त्रज्ञ बार्नी ग्रॅहम यांचा गट तयारीत होता, कारण स्पाइक प्रथिनाला स्थिर ठेवण्याची युक्ती आधीच हाती आली होती. मॉडर्नाबरोबर केलेल्या लशीचा पहिला डोस १६ मार्चला सिअॅटलमध्ये दिला गेला: क्रम कळल्यापासून ६६ दिवसांत. हे श्रेय एकटीचं नाही, आणि एका शिष्यवृत्तीचं तर नाहीच. पण त्या गटात त्या होत्या, आणि तिथवर नेणाऱ्या वाटेवरचा मोठा टप्पा बाल्टिमोरजवळ होता.

योजनेला अडचणीही आल्या. मेरीलँडच्याच दुसऱ्या एका संकुलातली, फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेली शिष्यवृत्ती १९९४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर १९९६ पासून मायरहॉफ योजना सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली झाली. तिचा कणा मोडला नाही, कारण तो कणा कुणाला घ्यायचं यापेक्षा घेतल्यावर काय करायचं यात होता. खरी कसोटी मात्र नकलेची. ह्राबोव्स्कींसारखा माणूस असल्याशिवाय हे जमणार नाही, असं म्हणणं सोपं होतं. २०१३ मध्ये पेन स्टेट आणि चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या मदतीने हीच योजना आपल्याकडे लावली. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आले: दोन्हीकडे मुलं टिकली, गुणही मायरहॉफच्या जवळ पोचले.

यातलं आपल्याला अगदी परकं काय आहे? शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली ती हेच ओळखून, की खेड्यातल्या मुलाला फीमाफीपेक्षा राहायला जागा आणि सोबत हवी. ती बोर्डिंगं जातवार होती. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेलेले तरुण भाऊराव पाटील आपल्या वसतिगृहात परतले, विटाळ झाला म्हणून आंघोळ करायला नकार दिला आणि तिथून बाहेर पडले. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. विज्ञानापुरतं बोलायचं, तर मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ऐंशीच्या दशकात महापालिका शाळांतल्या दलित मुलांसोबत काम केलं. केंद्राचे संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विज्ञानाइतकीच पाठ्यपुस्तकाची भाषा मुलांना अडवताना दिसली. ती सोपी करून, प्रयोग हाती देऊन शिकवल्यावर मुलांचे निकाल सुधारले. हे सगळं आपल्याच मातीत झालं. तरी आजची शिष्यवृत्ती म्हणजे एक अर्ज क्रमांक आणि बँक खातं. त्याच जिल्ह्यातून, त्याच कॉलेजात, त्याच योजनेखाली आलेल्या दुसऱ्या मुलाचं नावही त्या अर्जदाराला कळत नाही.

दुपारच्या सत्रात एक ठराव मांडला जाईल. प्रत्येक विज्ञान आणि वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्तीधारकांची यादी प्रवेशाच्या आठवड्यातच विभागांना द्यावी. वर्ग सुरू होण्याआधी तीन आठवड्यांचं निवासी सत्र भरवावं. दर वीस मुलांमागे एक शिक्षक नेमावा आणि ते काम त्याच्या कार्यभारात धरावं. शेवटच्या कलमावर संस्थाचालकांचा आक्षेप येणार, कारण पैसा तिथे लागतो. इमारत लागत नाही, यंत्रं लागत नाहीत, शिक्षकाचे तास लागतात. चर्चा त्याच कलमावर व्हावी, आणि दरम्यान आपापल्या कॉलेजात अशी किती मुलं आहेत, याचा आकडा सभासदांनी जेवणाच्या सुट्टीत फोन करून मागवून घ्यावा.